मेंटेनन्स थकलाय? समितीने आणि सभासदाने या चुका टाळा

आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा मी ७ वर्षं खजिनदार होतो. जवळजवळ प्रत्येक वार्षिक सभेत कोणीतरी उठून म्हणायचं, "त्यांचं पाणी तोडा, मग बघा पैसे कसे येतात." असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. वेळेवर भरणाऱ्यांच्या पैशातून वॉचमनचा पगार, लिफ्टची देखभाल, टँकरची बिलं भागतात, आणि वर्षभर एक रुपया न भरणारा त्याच लिफ्टने रोज वर जातो. चीड येणारच. पण चिडून केलेली कारवाई उलटते. ज्याची बाजू लंगडी होती, त्याच्याच हाती आपण तक्रार देऊन बसतो.

पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावू नका

पाणी तोडायचा अधिकार उपविधी, म्हणजे सोसायटीची नोंदलेली नियमावली, सोसायटीला देत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं, असं न्यायालयांनी मानलेलं आहे. लिफ्टचं कार्ड बंद करणं, ड्रेनेजची दुरुस्ती अडवणं हेही त्याच वळणाचं. देणं सभासदाचं असतं, पण पाचव्या मजल्यावर पायऱ्या चढत जाते ती त्याची सत्तरीतली आई. भाडेकरूला गेटवर अडवणं तर आणखी चुकीचं. देणं मालकाचं आहे, पत्र मालकाला जायला हवं.

जिम किंवा क्लबहाऊसची गोष्ट वेगळी, तिथे कोणाचं जगणं अडत नाही. तरीही नियम सर्वसाधारण सभेने आधी मंजूर केलेला हवा आणि सगळ्यांना सारखा लागू व्हायला हवा. एका कुटुंबासाठी रातोरात काढलेलं सर्क्युलर म्हणजे नियम नव्हे.

थकबाकीदारांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून खाली शेरेबाजी करणंही टाळा. त्यातून बदनामीची तक्रार उभी राहते आणि वसुली बाजूला पडते.

खरं हत्यार कागदावर आहे

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडून, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडून, वसुलीचा दाखला मिळतो. पूर्वी हेच काम कलम १०१ खाली होत असे. दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. वसुली अधिकारी सामान जप्त करू शकतो, पाळी आली तर फ्लॅटही विक्रीला काढू शकतो. व्हॉल्व्ह बंद करण्यापेक्षा हे कितीतरी जड आहे, आणि कायदेशीर आहे.

बहुतेक समित्या अडखळतात त्या कागदांवर. आमचा पहिला अर्ज परत आला होता, कारण बिलातली रक्कम आणि लेजरमधली रक्कम जुळत नव्हती. बिलांच्या प्रती, खात्याचा उतारा, मागणीच्या नोटिसा, कारवाईचा ठराव, शुल्क कोणत्या सभेत ठरलं त्याचं इतिवृत्त, हे सगळं एका फाइलमध्ये हवं. व्हॉट्सॲपवरची आठवण म्हणजे नोटीस नाही. पोस्टाने पाठवा, पोच जपा. लेखी मागणी पोहोचल्यापासून ३ महिन्यांत पैसे आले नाहीत की सभासद कायद्याच्या अर्थाने थकबाकीदार ठरतो आणि समितीच्या निवडणुकीला उभा राहू शकत नाही. पण त्याचं सभासदत्व जात नाही. सभेची नोटीस त्यालाही पाठवावीच लागते.

व्याजावर व्याज

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार (सरकारने दिलेला उपविधींचा नमुना) थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के व्याज लावता येतं, दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा, आणि व्याज सरळ असतं. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र मागची बाकी व्याजासकट पुढे ओढली जाते आणि पुढच्या महिन्यात सगळ्यावर पुन्हा व्याज लागतं.

महिन्याला ४,००० रुपये, ३ वर्षं काहीच भरलं नाही असं धरा. मुद्दल १,४४,००० रुपये. २१ टक्के सरळ व्याज होतं ४४,१०० रुपये. दरमहा चक्रवाढ लावली तर तेच ५४,००० च्या वर जातं. हे जादाचे १०,००० रुपये सोसायटीचे नाहीत. सुनावणीत समोरच्याने एवढं एक दाखवलं तरी सगळ्या हिशोबावर संशय येतो.

सभासदाची बाजू

"माझ्या छताची गळती काढत नाहीत, मग मी मेंटेनन्स का भरू?" हा राग मला कळतो. ओल्या भिंतीत दोन पावसाळे काढणं सोपं नाही. तरीही बिल थांबवू नका. गळतीची तक्रार वेगळी, देणं वेगळं. पैसे भरा आणि सोबत लेखी द्या की हरकत राखून भरत आहोत. मग उपनिबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात जा. थकबाकीदार म्हणून गेलात, तर गळतीआधी तुमच्या थकबाकीचीच चर्चा होईल.

बिलच चुकीचं वाटत असेल तर नेमका मुद्दा लिहा. सेवाशुल्क सर्व फ्लॅटना सारखं असतं, चौरस फुटावर नव्हे. पाण्याचा आकार नळजोडण्यांच्या संख्येवर आणि आकारावर ठरतो. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्यासाठीचं बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. वादाची रक्कम बाजूला ठेवा, बाकीची वेळेवर भरा.

उपनिबंधकांच्या सुनावणीची नोटीस आली तर हजर राहा. गैरहजेरीत दाखला निघाला आणि पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे त्याविरुद्ध दाद मागायला, जायचं ठरवलं, तर आधी ५० टक्के रक्कम सोसायटीकडे भरावी लागते.

नोकरी गेली, घरात आजारपण आलं, तर पहिल्या दोन महिन्यांतच समितीला पत्र द्या. हप्ते मागा. समितीनेही ते ठरावात घ्यावेत: हप्ता किती, तारीख कोणती, आणि चालू महिन्याचं बिल हप्त्याबाहेर वेगळं भरायचं. ही शेवटची ओळ राहून गेली की जुनी बाकी फिटता फिटता नवी तयार होते.