ॲड्रेनालिन आधी, ॲव्हिल नंतर

उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांसाठी हे लिहिते आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात नर्स आहे. नवीन मुलगी ड्यूटीवर आली की जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत वापरायची, इमर्जन्सी ट्रेमधली ॲड्रेनालिनची अँप्यूल मी आधी तिच्या हातात देते आणि लेबल मोठ्याने वाचायला लावते. १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजेच १:१०००.

तेंदूपत्ता तोडताना आग्या मोहोळ उठतं, सापाच्या लसीची सलाईन लावली की काही मिनिटांत अंग खाजायला लागतं, कुणाला पेनिसिलिन सोसत नाही. पेशंट म्हणतो, "सिस्टर, गळा आवळून राह्यला, जीव घाबरून राह्यला." नुसत्या गांधी उठल्या असतील तर ॲव्हिल हे ॲलर्जीचं साधं औषध देऊन लक्ष ठेवा. पण आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, छातीत सूं सूं वाजायला लागलं, बीपी पडलं किंवा डंखानंतर उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या, तर थांबू नका, लगेच ॲड्रेनालिन टोचा. कधीकधी गांधी उठतच नाहीत आणि पेशंट सरळ कोसळतो, हेही ध्यानात ठेवा.

अशा वेळी शरीरात नेमकं काय चालतं ते कळलं की हात थरथरत नाही. ॲलर्जीत रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून बीपी पडतं आणि घसा सुजतो. श्वासनळ्या आवळतात. ॲड्रेनालिन अल्फा रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची, औषध चिकटून काम करतं ती जागा) काम करून रक्तवाहिन्या आवळतं. बीपी चढतं, सूज उतरते. बीटा-१ रिसेप्टरमुळे हृदय जोरात आणि भराभर चालतं. बीटा-२ मुळे श्वासनळ्या उघडतात, आणि ज्या पेशी हिस्टामिन हे ॲलर्जी भडकवणारं रसायन सोडत असतात त्यांनाही आवर बसतो. ॲव्हिल फक्त आधीच सुटलेल्या हिस्टामिनला अडवतं. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडला काम करायला तास लागतात. ही दोन्ही द्या, पण ॲड्रेनालिन देऊन झाल्यावर.

मोठ्या माणसाला ०.५ मिली. लहान मुलाला वजनाच्या दर किलोला ०.०१ मिली, म्हणजे १० किलोच्या लेकराला ०.१ मिली, २० किलोच्याला ०.२. एक मिलीची सिरिंज घ्या, मोठीत एवढं मोजता येत नाही. जागा मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, स्नायूत खोल. दंडापेक्षा मांडीतून औषध लवकर रक्तात जातं. लुगड्यावरून किंवा पॅन्टवरून टोचलं तरी चालतं. सापाची लस चालू असेल तर आधी ती बंद करा. पेशंट सावरल्यावर ती सावकाश पुन्हा सुरू करायचीच आहे, कारण विष अजून अंगात आहे.

पेशंटला आडवं ठेवा, पाय वर. दम लागत असेल तर बसवा, पण पाय लांब पसरून. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. उठवून चालवत बाहेर न्यायचं नाही. नातेवाईक घाई करतात, त्यांना ठामपणे सांगा. असं अचानक उभं केल्याने माणसं दगावतात. ऑक्सिजन लावा, सलाईन जोरात सोडा. औषधाचा असर लवकर ओसरतो, म्हणून पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसऱ्या मांडीत तोच डोस द्या.

पेशंटचे हात कापतील, छाती धडधडेल, चेहरा पांढरा पडेल. घाबरू नका, औषध लागू पडत असल्याचीच ही खूण आहे. खरी भीती शिरेची आहे. १:१००० ची अँप्यूल शुद्धीवरच्या माणसाच्या शिरेत सरळ ढकलली तर बीपी भडकतं, हृदयाची लय बिघडते. हृदय बंद पडल्यावर १ मिलिग्रॅम शिरेतून देतात, तो वेगळा प्रसंग आहे.

आता विंचू. लाल विंचू चावलेला पोरगा घामाने निथळतो, हातपाय थंडगार, बीपी चढलेलं. विषामुळे त्याच्या शरीराने स्वतःचंच ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन पुरासारखं सोडलेलं असतं. त्यात आपण आणखी द्यायचं नाही. तिथे अल्फा रिसेप्टर अडवणारं प्राझोसिन लागतं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते दाखवून दिलं आणि असंख्य लेकरं वाचली. डंख कशाचा, हे म्हणूनच पहिल्याच वाक्यात विचारा.

ॲड्रेनालिनच्याच कुळातलं साल्ब्युटामॉल मुख्यतः बीटा-२ वर चालतं. नेब्युलायझरने दम कमी होतो, पण घशाची सूज उतरत नाही आणि बीपी चढत नाही. नॉरॲड्रेनालिन मोठ्या दवाखान्यात, पंपावर, जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये वापरतात. ते आपल्या ट्रेमध्ये नसतं.

अँप्यूल उजेडात आणि उन्हात ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या कपाटात ती ठेवणं मला मान्य नाही. गुलाबी किंवा तपकिरी झालेली टाकून द्या. एक्स्पायरी दर महिन्याला बघा.

पेशंट सावरला तरी घरी सोडू नका. काही तासांनी पुन्हा उसळी येऊ शकते. १०८ बोलवा. चिठ्ठीवर डोस, मांडी कोणती आणि घड्याळातली वेळ लिहा. बीपीची प्रोप्रानोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू आहे का तेही विचारून लिहा. त्या गोळीने बीटा रिसेप्टर अडलेले असतात, ॲड्रेनालिन नीट लागू पडत नाही, आणि पुढच्या डॉक्टरांना अशा वेळी लागणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन तयार ठेवावं लागतं.