पॅथॉलॉजी लॅबमध्ये नवं सॉफ्टवेअर बसवताय? या चुका टाळा

डेंग्यूचे दिवस होते. नव्या सॉफ्टवेअरची चाचणी चालू असल्यामुळे आम्ही प्रत्येक रिपोर्ट जुन्या पद्धतीनेही काढत होतो. रक्तपेशी मोजणाऱ्या सेल काउंटर मशीनवर एका पेशंटचे प्लेटलेट २४ आले, म्हणजे २४ हजार. टेक्निशियनने स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. प्लेटलेट खरोखरच विरळ होते. जुन्या रिपोर्टवर ०.२४ लाख टाइप झालं. नव्या रिपोर्टवर छापून आलं २.४ लाख.

मशीन हजारांत आकडा देतं, आपल्याकडचे डॉक्टर लाखांत वाचतात. मधे १०० ने भागायला हवं होतं, तिथे १० ने भागलं गेलं. निरोगी माणसाचे २४५ असते तर २४.५ लाख छापून आले असते आणि कुणालाही लगेच खटकलं असतं. इथे मात्र आकडा अगदी नॉर्मल दिसत होता. जो पेशंट सर्वांत धोक्यात, त्याचाच रिपोर्ट सर्वांत बिनघोर. तो बाहेर गेला नाही, पण नाव खोडून तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

चूक शोधायला गेलो तर ती आमच्याच दारात सापडली. सॉफ्टवेअर कंपनीने टेस्टची यादी मागितली, तेव्हा आम्ही रेट लिस्टची एक्सेल फाइल पाठवून दिली होती. त्यात टेस्टचं नाव आणि रुपये, बाकी काही नाही. एककं कंपनीच्या मुलाने अंदाजाने भरली.

रेट लिस्टलाच टेस्ट मास्टर समजणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. प्रत्येक टेस्टसाठी सॅम्पल कुठलं, बल्ब (रक्ताची नळी) कुठला, मशीन कुठल्या एककात आकडा देतं, रिपोर्टवर कुठलं हवं, दशांश किती, डॉक्टरांना तातडीने फोन करायची मर्यादा कोणती, हे सगळं, म्हणजेच टेस्ट मास्टर, लॅबनेच लिहून द्यायला हवं. आज ते टेक्निशियनच्या डोक्यात असतं. वीस वर्षं काम केलेल्या ताईंना नवजात बाळाचं हिमोग्लोबिन १८ दिसलं तर त्या दचकत नाहीत, आणि वाढत्या मुलाच्या रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं हेही त्यांना ठाऊक असतं. सॉफ्टवेअरला वयाप्रमाणे वेगळी रेंज दिली नाही, तर ते दोन्हींवर लाल खूण करून मोकळं होतं.

सूत्रांकडे तर एकेक करून बघा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढलेला एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा, ग्राह्य धरत नाहीत. अशा वेळी रिपोर्टवर आकडा न छापता शेरा यायला हवा. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आयएनआरचं प्रकरण आणखी नाजूक आहे. त्याच्या सूत्रातला आयएसआय, म्हणजे रीएजंट (टेस्टचं रसायन) किती संवेदनशील आहे तो आकडा, रीएजंटच्या लॉटप्रमाणे बदलतो. नवा लॉट उघडला, आयएसआय मशीनमध्ये बदलला, सॉफ्टवेअरमध्ये जुनाच राहिला, तर वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या पेशंटचा डोस चुकीच्या आकड्यावर ठरू शकतो. आयएनआर मशीन काढणार की सॉफ्टवेअर, हे आधी ठरवा आणि दुसरीकडचं सूत्र बंद करा. लॉट बदलला की आयएसआय आणि एमएनपीटी (निरोगी माणसांचा रक्त गोठण्याचा सरासरी वेळ) कोण बदलणार, त्या माणसाचं नाव भिंतीवर लावा.

मोबाइल नंबर म्हणजेच पेशंट, असं धरणं

आपल्याकडे अख्ख्या घराचा एकच नंबर असतो, बहुधा मुलाचा. नंबर टाकताच स्क्रीनवर पहिलं नाव येतं, काउंटरवरची मुलगी घाईत तेच निवडते, आणि सासूबाईंची क्रिएटिनिन सुनेच्या नावावर चढते. नंबरखाली घरातली सगळी नावं दिसू देत आणि वय-लिंग विचारल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये, अशी सोय मागून घ्या. तान्ह्या बाळांचं वय दिवसांत टाकता आलं पाहिजे. जुना डेटा आणायचा असेल तर आधी एकाच माणसाच्या तीन-तीन नोंदी निवडून एकत्र करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण कंपनीवर सोडू नका. पाटील सुरेश आणि सुरेश पाटील एकच की दोन, हे फक्त तुम्हालाच कळतं.

बारकोड कसाही चिकटवणं

बारकोड वाचला जात नाही म्हणून स्कॅनर बदलण्याआधी बल्ब हातात घ्या. लेबल बल्बच्या लांबीला धरून, सरळ, न सुरकुतता लागलेलं हवं. आडवं गुंडाळलं तर रेघा वळतात आणि मशीनला वाचता येत नाहीत. रेघांच्या दोन्ही टोकांना कोरी जागा लागते. आइसपॅकजवळ ओलावलेलं आणि स्पिरिटचा हात लागलेलं थर्मल लेबल खराब होतं. आणि लेबल रक्त घेतल्यावर, पेशंटसमोरच, नाव विचारून लावा. आधीच लेबल लावून ठेवलेल्या बल्बांची रांग दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

मशीनवर रिझल्ट आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही

कंपनीला फोन करण्याआधी हे बघा. सफाई करताना कुणी मशीनची वायर संगणकाला जोडणारा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत घातलाय का? तसं झालं की कॉम पोर्टचा, म्हणजे संगणकावरच्या त्या दाराचा, नंबर बदलू शकतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच दारावर वाट बघत बसतं. एकच टेस्ट येत नसेल तर मशीनवरचा कोड आणि सॉफ्टवेअरमधला कोड अक्षरश: जुळवा. एकाच पेशंटचं काही येत नसेल तर सॅम्पल आयडीतली सुरुवातीची शून्यं कुठे गळलीत का ते पाहा. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच ‘०.००५ पेक्षा कमी’ आला असताना ‘पेक्षा कमी’ची खूण वाटेत पडते का, हेही तपासा.

फक्त नॉर्मल सॅम्पलवर चाचणी घेणं

प्लेटलेटची चूक सापडली ती दोन्ही रिपोर्ट ताडून पाहिले म्हणून; कमी आकड्याचा नवा रिपोर्ट एकटाच पाहिला असता तर तो नॉर्मलच वाटला असता. प्रत्येक टेस्टचा कमी, मधला आणि जास्त असा एकेक रिझल्ट मशीनच्या पडद्यापासून पेशंटच्या व्हॉट्सअॅपवर जाणाऱ्या पीडीएफपर्यंत पाहा. हे काम पावसाळ्यात काढू नका. आम्ही काढलं, आणि दुप्पट सॅम्पलांत दुप्पट रिपोर्ट काढताना माणसं थकून गेली.

डॉक्टरांचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असणं

डॉक्टर ऑपरेशन थिएटरजवळ फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासायचा तुकडा) बघत असतात, रिपोर्ट अडकलेले असतात, आणि पासवर्ड टेक्निशियनला सांगितला जातो. रिपोर्टवर नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. उधारीच्या पासवर्डने गेलेल्या रिपोर्टवर ती सही नावापुरतीच उरते. आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीतही माहिती कोणाच्या हाती आणि कुणाला बदलता येते, यावर वेगळं कलम आहे. डॉक्टरांना मोबाइलवरून रिपोर्ट पाहून सोडता येतील, अशी सोय करारातच लिहून घ्या.

वीज गेल्यावर विचार करणं

यूपीएस संगणकाला असतो, राउटरला नसतो. तो आधी जोडा. आधीच छापलेल्या बारकोडचा एक राखीव गठ्ठा, कोरे रिक्विझिशन फॉर्म आणि एक रजिस्टर काउंटरखाली ठेवा. बॅकअप रोज होतो असं कंपनी सांगते. तो दुसऱ्या संगणकावर उघडून गेल्या महिन्यातला एखादा रिपोर्ट काढून दाखवा म्हणावं, आणि तो हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.