या चुका टाळा: एमएमए फायटरची कारकीर्द पिंजऱ्याबाहेर कशी वाया जाते

व्यावसायिक एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी एकत्र चालणाऱ्या मिश्र युद्धकलेत, साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते आणि विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची. वर्षात दोन-तीन लढती मिळाल्या, तरी बहुतेक फायटर वर्षभरात तासभरसुद्धा पिंजऱ्यात, म्हणजे लढतीच्या जाळीबंद रिंगणात, घालवत नाहीत. बाकीचे वर्ष सरावात, वजन सांभाळण्यात, दुखापती भरून येण्याची वाट पाहण्यात आणि करारांच्या कागदपत्रांत जाते. कारकीर्द अकाली संपलेल्या फायटरांकडे पाहिले, तर त्या शेवटाची सुरुवात बहुधा याच काळात झालेली आढळते. शरीर, आणि त्यातही डोके, ठरावीक इतकीच झीज सोसू शकते. ती झीज जिथे मानधन मिळते तिथे व्हावी, एवढे भान ठेवले तरी पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका टळतात.

सरावातच डोके खर्ची घालणे

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण ती करताना आपण मेहनत करत आहोत अशी भावना असते. अनेक जिममध्ये आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण जोर लावून स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) होते आणि जो मार खाऊनही मागे हटत नाही त्याचे कौतुक होते. सोळा औंसांचे जाड ग्लोव्ह आणि हेडगार्ड असल्यामुळे डोके सुरक्षित आहे, असा समजही पक्का असतो. जाड ग्लोव्हमुळे मारणाऱ्याचा हात वाचतो, हेडगार्डमुळे जखम आणि सूज कमी होते. परंतु डोके झटक्यात फिरले की कवटीच्या आत मेंदू हलतो तो हलतोच. बेशुद्ध न पाडणारे शेकडो लहान फटकेही साठत जातात. 2016 मध्ये रस्ते अपघातात मरण पावलेले जॉर्डन पार्सन्स अवघे पंचवीस वर्षांचे होते, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत त्यांच्या मेंदूत सीटीई हा वारंवार आघातांशी जोडलेला आजार आढळला.

उपाय अवघड नाही, पण त्यासाठी जिमची सवय बदलावी लागते. पूर्ण जोराचे स्पॅरिंग लढतीपूर्वीच्या मोजक्या आठवड्यांपुरतेच ठेवावे आणि शेवटच्या दहा-बारा दिवसांत ते पूर्णपणे बंद करावे. बाकी काळात वेग, अंतर आणि वेळ साधण्याचा सराव हलक्या हाताने करता येतो. मॅक्स हॉलोवे यांनी जानेवारी 2021 मध्ये कॅल्विन कॅटर यांच्याविरुद्ध पाचही फेऱ्या गाजवल्या, आणि त्या लढतीच्या तयारीत आपण स्पॅरिंग केलेच नव्हते, असे त्यांनी स्वतः सांगितले. प्रत्येकाला ते जमेल असे नाही, नवख्याला तर नाहीच; पण मार खाल्ल्याशिवाय तयारी होत नाही हा हट्ट त्या उदाहरणापुढे टिकत नाही.

नॉकआउट झाल्यावर लढतींचे नियमन करणाऱ्या आयोगाकडून फायटरवर काही आठवड्यांची वैद्यकीय बंदी येते. ती बंदी त्याला पिंजऱ्यात उतरण्यापासून रोखते, पण तो जिममध्ये काय करतो हे पाहायला कोणी येत नाही. म्हणून डोकेदुखी, उजेड सहन न होणे, झोप उडणे, विनाकारण चिडचिड, ठोशांच्या नेहमीच्या क्रमांत हात चुकणे, यांतले काहीही दिसले तर मेंदूच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत डोक्याला स्पर्श होईल असा कोणताही सराव करू नये. स्वतः फायटर हे सहसा कबूल करत नाही. त्यामुळे लक्ष ठेवण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची आणि घरातल्या माणसांची आहे.

वजनकाट्याशी जुगार

खालच्या वजनगटात उतरले की प्रतिस्पर्धी लहान मिळेल, या हिशोबाने फायटर शेवटच्या आठवड्यात शरीरातले पाणी काढतात. मीठ आणि कर्बोदके कमी करणे, पोट हलके ठेवणारा आहार, मग गरम पाण्याचा टब आणि सौना, असा हा क्रम असतो. थोड्या प्रमाणात आणि जाणकाराच्या देखरेखीखाली तो निभावतो. चूक होते ती आकडा गाठण्यासाठी शेवटच्या रात्री शरीर पिळून काढताना. तोंडाला कोरड पडलेली असते, घाम येणे थांबलेले असते, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तरीही आणखी दहा मिनिटे आत बसवले जाते. घाम थांबणे ही तिथेच थांबण्याची खूण आहे, कारण शरीराकडे स्वतःला थंड करण्याचे साधन उरलेले नसते.

डिसेंबर 2015 मध्ये मनिला येथे यांग जियान बिंग हे एकवीस वर्षांचे फायटर वजन उतरवताना कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या लढती भरवणाऱ्या संस्थेने पाणी काढून वजन उतरवण्यावर बंदी घातली आणि लघवीची तपासणी सुरू केली. डॅनियल कॉर्मियर 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या कुस्ती संघाचे कर्णधार होते, पण वजन उतरवताना मूत्रपिंडांनी काम थांबवल्यामुळे त्यांना एकही कुस्ती न खेळता माघार घ्यावी लागली. चार्ल्स ऑलिव्हेरा यांचे नुकसान निराळे झाले. मे 2022 मध्ये 155 पौंडांच्या मर्यादेपेक्षा त्यांचे वजन अर्धा पौंड जास्त भरले, विजेतेपदाच्या लढतीत एका पौंडाची सवलत नसते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत जिंकूनही त्यांच्याकडे विजेतेपदाचा पट्टा राहिला नाही.

तुम्ही दर वेळी शेवटच्या रात्री झगडत असाल, तर दोष त्या रात्रीचा नसून वजनगटाच्या निवडीचा आहे. कॅम्प (लढतीपूर्वीची सलग तयारी) नसतानाचे वजन आठ-दहा आठवडे रोज सकाळी नोंदवावे आणि त्यावरून गट ठरवावा. लढतीचा करार करण्याआधी एकदा चाचणी म्हणून वजन उतरवून पाहावे. चरबी कॅम्पमध्ये सावकाश कमी करावी आणि पाण्यावर टाकायचा भार शक्य तेवढा लहान ठेवावा. रॉबर्ट व्हिटेकर 2014 मध्ये वेल्टरवेटमधून मिडलवेटमध्ये गेले, डस्टिन पोरिए 2015 मध्ये फेदरवेटमधून लाइटवेटमध्ये गेले, आणि दोघेही वरच्या गटातच विजेतेपदापर्यंत पोहोचले. वजन दिल्यानंतर एकदम लिटरभर साधे पाणी ढोसण्याची सवयही सोडावी. क्षारयुक्त पाणी घोटाघोटाने घ्यावे आणि पचायला सोपी कर्बोदके थोडी थोडी खावीत. सलाइनचा मार्ग तर जवळजवळ बंदच आहे, कारण जागतिक उत्तेजक विरोधी नियमांनुसार बारा तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे, रुग्णालयातील उपचारांसारखे अपवाद वगळता, निषिद्ध आहे.

दुसऱ्या फेरीतच दम संपत असेल तर

दम संपला की फायटर आणखी धावू लागतात, आणि कारण दुसरेच असल्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. पहिली शंका वजनाची घ्यावी: पाणी आणि स्नायूंतील साखरेचा साठा भरून निघाला नसेल, तर कितीही धावलेले व्यर्थ जाते. दुसरी शंका अतिसरावाची. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा सतत जास्त लागत असेल, झोप तुटक असेल आणि पॅडवर हात जड वाटत असतील, तर शरीर आधीच थकलेले आहे आणि शेवटच्या आठवड्यात त्याला विश्रांती हवी आहे.

तिसरे कारण लढतीचे चित्रीकरण पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. गिलोटिन (मान आवळण्याची पकड) लागत नसताना दीड मिनिट दात-ओठ खाऊन तो आवळत राहणे, जाळीला दाबून धरताना श्वास रोखणे, पहिल्या नव्वद सेकंदांत प्रत्येक ठोसा शेवटचा असल्यासारखा मारणे, यांमुळे हातांची ताकद जाते आणि ती एका मिनिटाच्या विश्रांतीत परत येत नाही. फ्रान्सिस एंगानू जानेवारी 2018 मध्ये स्टिपे मिओचिच यांच्याविरुद्ध असेच सुरुवातीच्या धडाक्यात थकले आणि पाच फेऱ्यांनंतर गुणांवर हरले. मार्च 2021 मधल्या परतीच्या लढतीत तेच एंगानू संयमाने उभे राहिले, त्यांनी टेकडाऊन (जमिनीवर पाडण्याचा डाव) अडवला आणि दुसऱ्या फेरीत नॉकआउटने विजेतेपद घेतले.

नियम ऐकीव ठेवणे

एमएमएचे एकीकृत नियम 2000-01 च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सीत आकाराला आले आणि त्यानंतर त्यांत वेळोवेळी बदल झाले. नोव्हेंबर 2024 पासून सरळ वरून खाली येणाऱ्या कोपरावरील बंदी उठली आणि 'जमिनीवर असलेला प्रतिस्पर्धी' कोणाला म्हणायचे याची व्याख्याही बदलली. मात्र असे बदल सर्व आयोग एकाच दिवशी स्वीकारत नाहीत. त्यामुळे या लढतीला नेमके कोणते नियम लागू आहेत, हे नियमांच्या बैठकीत पंचांना थेट विचारावे. मार्च 2021 मध्ये विजेते असलेल्या पीटर यान यांनी चौथ्या फेरीत, अल्जमेन स्टर्लिंग यांचा गुडघा जमिनीवर टेकलेला असताना, त्यांच्या डोक्यावर गुडघा मारला. तिथेच लढत थांबली, यान अपात्र ठरले आणि पट्टा स्टर्लिंग यांच्याकडे गेला. पुढच्या वर्षीची परतीची लढतही यान निसटत्या फरकाने हरले.

गुणांबद्दलचा गैरसमज याहून जास्त पसरलेला आहे. प्रतिस्पर्ध्याला चार मिनिटे जाळीला चिकटवून ठेवले म्हणजे फेरी आपली, असे मानणारे फायटर निकाल ऐकून थक्क होतात. पंच आधी परिणामकारक प्रहार आणि परिणामकारक पकडी पाहतात. त्यांत दोघे अगदी बरोबरीत असतील तरच आक्रमकतेचा विचार होतो आणि तिथेही बरोबरी असेल तरच पिंजऱ्यावरच्या ताब्याचा. टेकडाऊननंतर मारही नाही आणि सबमिशनचा (हार मानायला लावणाऱ्या पकडीचा) प्रयत्नही नाही, तर त्या टेकडाऊनचे मोल फार थोडे.

दुखापत लपवणे, आणि प्रत्येक फोनला हो म्हणणे

ऑक्टोबर 2022 मध्ये टी. जे. डिलाशॉ अबू धाबीत विजेतेपदासाठी उतरले आणि पहिल्याच फेरीत त्यांचा खांदा निखळला. कॅम्पमध्ये तो अनेकदा निखळला होता, हे त्यांनी लढतीनंतर सांगितले. दुसऱ्या फेरीत ते हरले आणि वर्ष संपण्यापूर्वी निवृत्त झाले. एका हाताने लढून मिळालेला पराभव नोंदीत पराभव म्हणूनच राहतो आणि दुखापतही वाढवून ठेवतो. सांधा सतत सुटत असेल, दृष्टीत काळे ठिपके किंवा पडदा येत असेल, लघवीचा रंग गडद तपकिरी होत असेल, तर लढत पुढे ढकलणे हाच व्यावसायिक निर्णय आहे.

या ठिकाणी मायकेल बिस्पिंग यांचे उदाहरण हटकून दिले जाते. उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली असताना आणि सतरा दिवसांची पूर्वसूचना असताना, जून 2016 मध्ये त्यांनी ल्यूक रॉकहोल्ड यांना हरवून विजेतेपद मिळवले. मला त्यांच्या धैर्याबद्दल मनापासून आदर आहे, पण तरुण फायटरांना ही गोष्ट अनुकरणासाठी सांगितली जाते तेव्हा वाईट वाटते. दहा दिवसांच्या सूचनेवर गेलेले, डोळा लपवून लढलेले आणि कायमचे मागे पडलेले फायटर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. वजन आटोक्यात असेल, सराव चालू असेल आणि प्रतिस्पर्ध्याची शैली माहीत असेल, तरच अचानक आलेली लढत घ्यावी.

पूरक आहाराच्या डब्यांबाबत एवढेच पुरे की, शरीरात निषिद्ध पदार्थ आढळला की त्याची जबाबदारी फायटरचीच मानली जाते. योएल रोमेरो यांच्या बाबतीत 2016 मध्ये दोष भेसळयुक्त उत्पादनाचा असल्याचे मान्य झाले, तरी सहा महिन्यांची बंदी चुकली नाही. एनएसएफ किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्ट यांसारखे प्रमाणपत्र असलेलेच उत्पादन घ्यावे आणि प्रत्येक बॅचचा क्रमांक टिपून ठेवावा. मॅटवरून होणारा त्वचेचा संसर्गही किरकोळ समजू नये. गळू किंवा गोल चट्टा दिसला की सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

कागद न वाचता सही

बहुतेक करारांत मानधनाचे दोन भाग असतात: उतरल्याबद्दलची रक्कम आणि जिंकल्यास तेवढीच आणखी. नवा फायटर दोन्हींची बेरीज उत्पन्न म्हणून धरतो आणि कर्ज काढतो. हिशोब फक्त पहिल्या भागावर करावा, आणि त्यातूनही प्रशिक्षक, मॅनेजर, कर, वैद्यकीय तपासण्या आणि कॉर्नरमधल्या (फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत मदत करणाऱ्या) माणसांचा प्रवास वजा करावा. फायटर सहसा कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो, त्यामुळे निवृत्तिवेतन नसते आणि सरावात झालेल्या दुखापतीचा खर्च कोण करणार हे आधी लेखी विचारावे लागते.

सही करण्यापूर्वी तीन कलमे वकिलाकडून समजून घ्यावीत: लढत मिळाली नाही तर करार किती काळ चालू राहतो, विजेतेपद मिळाल्यास तो आपोआप वाढतो का, आणि करार संपल्यावर दुसऱ्याने दिलेल्या प्रस्तावाची बरोबरी करण्याचा हक्क कंपनीकडे किती महिने राहतो. फायटरांनी लढती भरवणाऱ्या यूएफसीच्या मूळ कंपनीविरुद्ध लढवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात अशाच दीर्घ, बांधून ठेवणाऱ्या करारांवर बोट ठेवले होते. त्यात 37.5 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तिला न्यायालयाची अंतिम मंजुरी मिळाली.

थांबण्याची वेळ पिंजऱ्यात ठरवणे

चक लिडेल लागोपाठ तीन नॉकआउटनंतर 2010 मध्ये निवृत्त झाले आणि 2018 मध्ये अठ्ठेचाळीसाव्या वर्षी परत येऊन पुन्हा नॉकआउट झाले. पराभवानंतर लगेच घेतलेला निर्णय रागाचा असतो आणि विजयानंतर घेतलेला मोहाचा, म्हणून निकष आधीच, डोके शांत असताना ठरवावेत. लागोपाठ किती नॉकआउट झाले की थांबायचे, वार्षिक तपासणीत स्मरणशक्तीचा किंवा प्रतिक्रियेचा वेग किती घसरला की थांबायचे, हे प्रशिक्षक आणि घरातल्या एका माणसाबरोबर बसून लिहून ठेवावे. तुलनेसाठी मेंदूची मूळ तपासणी पहिल्या व्यावसायिक लढतीपूर्वीच झालेली असावी लागते, कारण निरोगी अवस्थेतले आकडे नंतर मिळवता येत नाहीत. प्रशिक्षक, पंच किंवा समालोचक म्हणून पुढे काम करायचे असेल, तर त्याचे शिक्षणही शेवटच्या करारापूर्वीच, उत्पन्न चालू असताना, सुरू करावे.