‘गेल्या आठवड्यापर्यंत चालत होतं की’: ओपन सोर्स प्रकल्पात कंपॅटिबिलिटी बिघडवणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यांसाठी आम्ही काही जण मिळून एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळतो. सुताचा स्टॉक, जॉबवर्कचा हिशेब, टॉवेल-चादरीची बिलं एवढंच त्याचं काम. पायथॉन ही भाषा, फ्लास्क ही तिच्यातली वेब-प्रोग्राम लिहिण्याची चौकट आणि एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस, यांवर ते चालतं. साध्या बगांपेक्षा आमचा जास्त वेळ खातात ते कंपॅटिबिलिटीचे घोळ: एकाच्या लॅपटॉपवर चालणारं दुसऱ्याच्या ऑफिसात बंद पडतं, नाहीतर अपडेटनंतर जुनं काहीतरी मोडतं. प्रकल्पात येणारी मुलं हुशार असतात, पण पहिल्या महिन्यात त्याच त्या चुका करतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एक्स्पोर्टचे कॉलम ‘नीट’ लावणे

या चुकीइतका मनस्ताप दुसऱ्या कुठल्याच चुकीने दिलेला नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मुनीमजींनी स्वतःच एक एक्सेल शीट बनवलंय. आमच्या सॉफ्टवेअरमधून आठवड्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) काढायची, त्या शीटमध्ये पेस्ट करायची, की प्रत्येक कामगाराची मजुरी तयार. शीटमधले फॉर्म्युले कॉलमच्या नावाकडे बघत नाहीत. पाचवा कॉलम म्हणजे नग, सहावा म्हणजे वजन, इतकंच त्यांना कळतं. असं काही शीट आहे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका नव्या मुलाने एक्स्पोर्टचा कोड साफ करायला घेतला. त्यात वजन नगाच्या आधी आलं, कारण स्क्रीनवरच्या तक्त्यात तसाच क्रम होता. टेस्ट पास झाल्या, बदल छोटा होता, दुसऱ्या एकाने वरवर पाहून मर्ज केला, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला, आणि किरकोळ दुरुस्त्यांच्या पॅच रिलीजमधून तो बाहेर गेला. पगाराच्या दिवशी मजुरी नगांऐवजी किलोवर निघाली. एरर कुठेच नाही. पाकिटं वाटायला सुरुवात झाल्यावर एका वयस्कर विणकराने चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “ई लेक्क तप्पु.” (हा हिशेब चुकीचा आहे.) आठवड्याचे नग त्याला तोंडपाठ होते, हिशेब चुकलाय हे त्याला एका नजरेत कळलं. मुनीमजींचा फोन आला, “मॅडम, मी कशालाच हात लावला नाही बघा. गेल्या आठवड्यापर्यंत चालत होतं की!” मी जाऊन ती चिठ्ठी पाहिली. नगाच्या रकान्यात ८६.४० छापलेलं होतं. टॉवेल काय अपूर्णांकात विणतात? त्या रकान्याकडे पाहिलं असतं तर कुणालाही कळलं असतं, पण माणसं कॉम्प्युटरच्या आकड्यावर विश्वास ठेवतात. तो विश्वास आपण मोडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

बदल करणाऱ्याचं म्हणणं होतं, “कॉलमचा क्रम कायम राहील असं डॉक्युमेंटेशनमध्ये कुठे लिहिलंय?” नव्हतंच लिहिलेलं. पण वापरणारा डॉक्युमेंटेशन वाचून अवलंबून राहत नाही, समोर दिसतं त्यावर राहतो. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने हाच नियम ओळखला जातो: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या प्रणालीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागणुकीवर कुणी ना कुणी विसंबलेलं असतंच, तुम्ही वचन दिलेलं असो वा नसो.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या प्रकल्पात घडतं असंही नाही. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्समध्ये जीलिबसी या पायाभूत लायब्ररीचं ‘मेमकॉपी’ हे मेमरीतला डेटा कॉपी करणारं फंक्शन जास्त वेगवान केलं गेलं आणि लोकांच्या फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरायला लागला. नियमाने पाहिलं तर चूक फ्लॅशचीच होती. एकमेकांवर येणाऱ्या मेमरीसाठी ‘मेमकॉपी’ वापरायचंच नसतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र वापरणाऱ्याची बाजू घेतली: ज्याच्या घरी आवाज बिघडलाय, त्याला नियमाशी काय देणंघेणं? पुढे जीलिबसी २.१४ मध्ये नवीन वागणूक नव्या सिंबल व्हर्जनखाली (फंक्शनच्या नावासोबतच्या आवृत्ती-खुणेखाली) दिली गेली आणि आधी बनलेले प्रोग्राम पूर्वीसारखेच चालत राहिले. जुन्याला धक्का न लावता नवीन शेजारी ठेवायचं, हीच पद्धत मला पटते.

माझी सवय आता पक्की आहे. एक्स्पोर्टमध्ये नवीन कॉलम आला तर शेवटी. नाव बदलायचं नाही, क्रम बदलायचा नाही. अगदीच गरज पडली तर ‘एक्स्पोर्ट २’ म्हणून वेगळा पर्याय, आणि जुना पर्याय निदान एक मार्च एन्ड पार पडेपर्यंत जागेवर. कारखान्याचा हिशेबनीस एप्रिलच्या आत नवीन काही शिकणार नाही, आणि त्याने शिकावं असा हट्ट मी धरणार नाही. शिवाय प्रत्येक एक्स्पोर्टची एक नमुना फाइल कोडसोबत ठेवलेली असते. टेस्ट नवीन फाइल तिच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघते. एक स्वल्पविराम हलला तरी टेस्ट फेल. मुलं कुरकुर करतात की ही टेस्ट फार त्रास देते. देऊ दे. सेमँटिक व्हर्जनिंग (मेजर, मायनर, पॅच अशा तीन आकड्यांची आवृत्ती; जुनं मोडणारा बदल असेल तर मेजर वाढतो) वापरता ना? मग असा बदल मेजर आकड्यातच जातो, पॅचमध्ये नाही.

‘लेटेस्ट टाक, होईल ठीक’

दुसरी लाडकी चूक. फ्लास्कची आवृत्ती बांधून ठेवायची, पण फ्लास्क ज्यावर उभा आहे ती पॅकेजेस मोकळी सोडायची.

वर्कझ्युग हे त्यातलंच एक पॅकेज. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस त्याचं ३.० आलं. फ्लास्क २.२ ला वर्कझ्युगची किमान आवृत्ती लागायची, कमाल मर्यादा काहीच नव्हती. त्यामुळे फक्त फ्लास्क बांधलेल्या प्रकल्पांत नवं इन्स्टॉलेशन केलं की वर्कझ्युग ३ येऊन बसायचं आणि ‘यूआरएल कोट’ हे त्यातून काढलेलं फंक्शन इंपोर्ट होत नाही म्हणून प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही. आधीपासून चालू असलेल्या मशीनवर मात्र सगळं ठीक. म्हणून जुने लोक म्हणायचे “आमच्याकडे चालतंय”, नवे म्हणायचे “तुमचं सॉफ्टवेअरच भंगार आहे”, आणि दोघंही आपापल्या जागी खरं तेच सांगत होते.

अशा वेळी अधीर माणूस काय करतो? हाताला लागेल ते पॅकेज अपग्रेड करतो. एरर बदलते, मग पुढचं अपग्रेड. अर्ध्या तासाने मशीनवर नक्की काय आहे, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. डेबियन १२ या लिनक्सपासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये थेट पॅकेज टाकायला पिप (पायथॉनची पॅकेजेस टाकणारं साधन) नकार देतो, तर लोक इंटरनेटवरून ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय उचलून चिकटवतात. तो काय करणार ते नावातच लिहिलंय. दोन मिनिटांत व्हर्चुअल एन्व्हायर्न्मेंट (त्या प्रकल्पापुरती पॅकेजेसची वेगळी जागा) बनते, ती बनवा. पर्याय चिकटवून वाचवलेली दोन मिनिटं पुढे आख्खी संध्याकाळ खातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आमच्याकडे आता थेट लागणाऱ्या पॅकेजेसची एक फाइल आहे आणि त्यांच्यामागून येणाऱ्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिलेली दुसरी लॉक फाइल. इन्स्टॉलेशन नेहमी लॉक फाइलवरून. ती कायम गोठवून ठेवली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, म्हणून दर महिन्याला एकदा वाढवायची, टेस्ट चालवायच्या, काय वाढलं ते चेंजलॉगमध्ये लिहायचं. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते ठरलेल्या तारखेला करायचं. आणि सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात रिलीज नाही. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, सगळं शहर लोटलेलं असताना बिघाड झाला तर फोन उचलायला कुणी नसतं.

आपल्या लॅपटॉपलाच जग समजणे

कारखान्यांच्या ऑफिसात अजून विंडोज ७ ची मशीन आहेत, कारण डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्यांच्यावर बिनबोभाट चालतो. विंडोज ७ वर चालणारी शेवटची पायथॉन शाखा ३.८. पुढची इन्स्टॉलच होत नाही. आता ३.१२ वर लिहिणारा एखादा जण एफ-स्ट्रिंगच्या (मजकुरात थेट किंमत घालण्याची पायथॉनची सोय) आत तेच अवतरणचिन्ह पुन्हा वापरतो. ३.१२ मध्ये ते चालतं, ३.११ आणि त्याआधी ती सिंटॅक्स एरर आहे. म्हणजे ते एक फंक्शन नव्हे, आख्खी फाइल लोड होत नाही. ‘मॅच’ची वाक्यरचना ३.१० ची, डिक्शनऱ्या उभ्या रेघेने जोडणं ३.९ चं; ३.८ वर यातलं काहीच चालत नाही.

एसक्यूलाइटचंही तेच. ‘रिटर्निंग’ (नोंद लिहितानाच ती परत मिळवणं) ३.३५ मध्ये आलं, पण उबुंटू २०.०४ या लिनक्ससोबत ३.३१ येतं. ‘अपसर्ट’ (नोंद असेल तर बदलणं, नसेल तर घालणं) ३.२४ मधलं, आणि उबुंटू १८.०४ वर ३.२२; म्हणजे तिथे ते चालत नाही.

जुनं कायम सांभाळावं असं मी म्हणत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये थांबवला, पायथॉन ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. आम्हीही थांबवणार आहोत, पण तारीख आधी सांगून, सॉफ्टवेअर सुरू होताना स्क्रीनवर सूचना दाखवून. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, आणि पायथॉन २ ची मुदत आधी २०१५ होती, ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. एवढ्या मोठ्या समुदायाला इतका वेळ लागला, तर आमच्या मुनीमजींना वर्षभर देणं काही फार नाही. तोपर्यंत नियम एकच: सर्वात जुन्या मान्य आवृत्तीवर टेस्ट चालल्याशिवाय मर्ज नाही.

मराठी अक्षरांचे घोळ

लिनक्सवर लिहिणाऱ्याला हा त्रास दिसतच नाही. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगितलं नाही, तर लिनक्सवर बहुधा सगळ्या लिप्या चालणारं यूटीएफ-८ मिळतं, विंडोजवर मोजकीच अक्षरं ओळखणारं सिस्टिमचं जुनं कोडपेज. ग्राहकाचं नाव देवनागरीत असलं की ‘चारमॅप’ची एरर आलीच. प्रत्येक वेळी यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. एक्सेलसाठी सीएसव्ही असेल तर बीओएमसहित (फाइलच्या सुरुवातीच्या खुणेसहित) यूटीएफ-८, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांचा चिखल दिसतो.

दुसरा प्रकार जास्त छुपा. ‘बिऱ्हाडे’ हे नाव शोधलं आणि सापडलं नाही, पण यादीत डोळ्यांना दिसतंय. ‘ऱ’ युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) एकच अक्षर म्हणूनही येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही. दिसायला सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे दोन्ही रूपं एकाच रूपात आणा. फक्त शोधताना केलं तर अर्धंच काम होतं. श्री-लिपीसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला डेटा असेल तर तो एकदाच, पूर्ण, बदलून घ्या. निम्मा असा आणि निम्मा तसा ठेवून ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं ते नंतर कधीच येत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या

फाइलच्या नावात इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं मिसळू नका. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत असेल तर ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे झालेत; ते ठरवून देणारी गिट अॅट्रिब्यूट्सची फाइल प्रकल्पात घाला. जीएसटीचा राज्य कोड टेक्स्टच ठेवा. आकडा केला की उत्तर प्रदेशचा ०९ नुसता ९ होतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच साठवा. आणि दुसऱ्याचा कोड उचलण्याआधी लायसन्स बघा: अपाचे २.० लायसन्सचा कोड जीपीएल ३ लायसन्सच्या प्रकल्पात चालतो, फक्त जीपीएल २ असलेल्या प्रकल्पात नाही.

मागे येण्याची वाट न ठेवणे

अपडेटमध्ये डेटाबेसचा आराखडा बदलतो, काहीतरी मोडतं, माणूस जुनी आवृत्ती परत टाकतो, आणि जुन्या आवृत्तीला नवा डेटाबेस वाचता येत नाही. आता पुढेही जाता येत नाही, मागेही. म्हणून आमचं सॉफ्टवेअर आराखडा बदलण्याआधी स्वतः बॅकअप घेतं आणि डेटाबेसमध्ये आराखड्याचा क्रमांक लिहून ठेवतं. जुन्या आवृत्तीला मोठा क्रमांक दिसला की ती काहीही न लिहिता थांबते आणि बॅकअप कुठे आहे ते सांगते.

बॅकअप म्हणजे नुसती डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर ओढणं नव्हे. एसक्यूलाइट वॉल मोडमध्ये (नव्या नोंदी आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असू शकतात. प्रोग्राम चालू असताना मुख्य फाइल तेवढी कॉपी केली तर आजची बिलं गायब. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरा, आणि निघालेली प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून शेवटचं बिल दिसतंय का ते बघा. ते दिसल्यावरच अपडेटचं बटण दाबा.