शंटवाल्या मुलाला उलटी झाली तर "पित्त असेल" म्हणून थांबू नका, या चुका टाळा

आमच्या बाबूला आठव्या महिन्यात शंट बसवला, आता तो नऊ वर्षांचा आहे. ज्यांच्या घरात हे नाही त्यांच्यासाठी सांगते, डोक्यात पाणी साचतं ते काढायला मेंदूतून एक बारीक नळी कानामागून, मानेतून, छातीवरून कातडीखालूनच पोटात सोडतात आणि मध्ये एक व्हॉल्व्ह असतो. मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, मुलांमध्ये कमी, पण ते थांबत नाही, म्हणून नळी तुंबली की वेळ फार कमी असतो.

आमची सगळ्यात मोठी चूक तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात झाली. सकाळी उठला, मागीलदारी धोणीजवळ भडाभडा उलटी केली आणि लगेच बरं वाटलं म्हणून पेज पण जेवला. आदल्या दिवशी तीन हापूस खाल्लेले, त्यामुळे सासूबाई म्हणाल्या, "तेका पित्त झालाहा, कोकमाचा पाणी दी." दिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, जवळच्या डॉक्टरांनी उलटीचं सिरप दिलं आणि मी शंटचं सांगितलंच नाही, कारण मला वाटलं पोटाचा आणि डोक्याचा काय संबंध. तिसऱ्या दिवशी दुपारी हाका मारल्या तरी डोळे उघडेना तेव्हा गाडी काढली आणि फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. नळीचं वरचं टोक बंद झालेलं, त्याच रात्री ऑपरेशन.

रात्रभर आडवं झोपल्यावर डोक्यातलं प्रेशर वाढतं म्हणून सकाळी डोकं दुखतं, उलटी होते आणि नंतर थोडं बरं वाटतं, हे मला नंतर कळलं. जुलाब नाहीत, फक्त उलट्या आणि पोर सुस्त, तर आधी शंटच धरा. तान्ह्या बाळाची टाळू फुगते, डोकं भराभर वाढतं, नजर खाली ओढल्यासारखी दिसते, चिडचिड थांबत नाही. मोठ्या मुलांना कधी दोन दोन दिसतं, कधी नुसतं अभ्यासातून लक्ष उडतं आणि आपण ओरडत बसतो.

ताप आला की पॅरासिटामोल देऊन वाट बघू नका, विशेषतः ऑपरेशनला सहा महिने झाले नसतील तर, कारण इन्फेक्शन जास्त करून याच काळात होतं. नळीवरची कातडी लाल आहे का, टाक्यातून पाणी येतंय का, पोट दुखतं का फुगलंय ते बघा. इन्फेक्शन असेल तर बहुतेक वेळा पूर्ण शंट काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

पाणी जास्त निघालं तरी त्रासच. टाळू खोल जाते, बसल्यावर डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, म्हणजे वरच्याच्या बरोबर उलट.

व्हॉल्व्ह दाबून "चालतोय का" बघणारे घरात निघतातच, आमच्या मामांनी केलं होतं. डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय कुणी हात लावू नये आणि तेल चोळताना नळीवर जोर देऊ नये. बाहेरून सेटिंग बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर एमआरआय झाल्यावर सेटिंग तपासून घ्या आणि डोक्याजवळ चुंबकाची खेळणी नकोत. बद्धकोष्ठ पण सोडू नका, पोटात दाब वाढला की पाणी नीट उतरत नाही.

आपल्याकडे कोकणात खरा प्रश्न रस्त्याचा आहे. न्यूरोसर्जन म्हटलं की कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई, आणि जुलैत घाटात दरड आली की सगळं अडतं, त्यामुळे "उद्या सकाळी बघू" हे आपल्याला परवडत नाही. पोर सुस्त वाटलं तर रात्रीच १०८ ला फोन करा. मुलगा बरा असतानाचा एक सीटी स्कॅन फाइलमध्ये ठेवा कारण तुलना त्याच्याशी करतात आणि काही मुलांचा स्कॅन नळी तुंबलेली असतानाही नॉर्मल दिसतो, म्हणून "रिपोर्ट ठीक आहे" ऐकून पोर अजून झोपाळूच असेल तर परत सांगा, भांडून सांगा. माझी फाइल जाड प्लास्टिकच्या पिशवीत दाराच्या खुंटीला असते, वर चिकटवलेल्या कागदावर शंटचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि सर्जनचा नंबर, आणि बाबू शाळेत जातो तेव्हा त्याच कागदाची झेरॉक्स त्याच्या बाईंकडे.