पाऊस उघडल्यावर धक्क्यावरून जिताडा कसा गरवावा

धो-धो पावसात गरी टाकण्यात अर्थ नाही. दोन दिवसांची झोड थांबून उघडीप मिळाली की पऱ्ह्यांच्या (ओढ्यांच्या) पाण्याबरोबर कोळंबी आणि बोय माशाची पिल्लं खाडीत उतरतात, आणि त्यांच्यावर टपलेला जिताडा, खाडीतला मोठा शिकारी मासा, धक्क्याच्या खांबांआड दबा धरतो. दाभोळ, बाणकोट, रेवदंडा, खाडीच्या तोंडाशी असलेला कुठलाही धक्का चालेल.

आधी भरतीची वेळ काढा. तिथीला पाऊणने गुणायचं: चतुर्थीला भरती साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. जागेगणिक थोडं पुढेमागे होतं. ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन तास कामाचे. म्हणून अष्टमीची संध्याकाळ सोडू नये: ओहोटी तिन्हीसांजेला लागते आणि भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी, असल्याने ओढही बेताची.

शक्य झालं तर आदल्या सुक्तीला (पाणी पूर्ण ओसरल्यावर) धक्का बघून ठेवा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या बांधलेल्या असतात, त्यांचे दोर पाण्याखाली तिरके जातात. मासा निसटतो तो बहुतेक तिथेच.

मुख्य तंगूस (गरीचा नायलॉन दोरा) ०.४० ते ०.४५ मिमी पुरे, पण शेवटचा मीटरभर ०.८० मिमीचा हवा. जिताड्याला कापणारे दात नसतात. तंगूस कापतं त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार, नाहीतर खांबावरची कालवं. गरी ४/० नंबरची, शिसं १५-२० ग्रॅमचं, सरकतं.

जिवंत कोळंबीला तोड नाही. डोक्यावरच्या काट्याच्या बुडातून गरी आरपार घाला, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून. तो टोचला की कोळंबी मेली. बादलीत पाणी खाडीचंच घ्या, नळाचं नको.

ओहोटीत खांबाच्या समुद्राकडच्या बाजूला पाणी मंद फिरतं, मासा तिथे. आमिष खांबावर नेम धरून टाकू नका. ओढीच्या वरच्या अंगाला दोन-तीन मीटरवर टाका आणि ओढीबरोबर खांबाला घासून जाऊ द्या. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. वरचं पाणी फार गढूळ असेल तर आमिष तळाशी, खाऱ्या पाण्यात न्या.

पहिल्या ‘टक्’ला झटका देऊ नये. तंगूस सलग ओढलं गेलं की काठी उचला आणि मासा लगेच खांबापासून तोडा. हे पहिल्या दहा सेकंदांत जमलं नाही तर पुढे काही उरत नाही. ९ किलोच्या तंगुसाला रिळाचा ड्रॅग (ओढ वाढली की तंगूस सुटू देणारा ब्रेक) अडीच-तीन किलोवर ठेवा. मासा उडी मारायला लागला की काठीचं टोक खाली, तंगूस ताठ. वर घेताना लांब दांड्याची जाळी लागतेच. कल्ल्यात बोट घालाल तर बोट कापेल.

जिताडा आधी नर असतो, मोठेपणी मादी होतो. पावसाळ्यातली मोठी मादी गाबोळीने (अंड्यांनी) भरलेली असते, ती सोडावी. हातात आल्यावर सोडवत नाही, हे खरं. लहान ताटापुरता मासा घ्या.

ढगात गडगडलं की कार्बनची काठी खाली ठेवून आडोशाला जा. प्रत्येक माशानंतर शेवटचा मीटर बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून गरी नव्याने बांधा.