नाताळच्या सुट्टीत कोकणातून बर्फाकडे: ओल सांभाळा, थंडी सांभाळली जाते

डिसेंबरच्या अखेरीस रत्नागिरी-मालवणकडे दिवसा पारा ३० च्या वर असतो आणि रात्री १८-२० ला उतरला की कानटोप्या बाहेर निघतात. गुलमर्गला त्याच रात्री पारा उणे पाचाच्याही खाली जातो. एवढा फरक ऐकून माणसे दुकानातला सर्वांत जाड स्वेटर शोधायला लागतात. पण बर्फात माणूस गारठतो तो बहुतेक वेळा कपडे ओले झाल्यामुळे, बाहेरून वितळलेल्या बर्फाने किंवा आतून घामाने. ओल म्हणजे काय हे चार महिने पाऊस झेलणाऱ्यांना शिकवायला नको. पावसाळ्याचे निम्मे शहाणपण तिथे जसेच्या तसे चालते, उरलेले निम्मे दगा देते.

ठिकाण उंचीवरून ठरवा

नाताळात मनाली किंवा शिमला गावात बर्फ असेलच असे नाही. मनाली सुमारे २०५० मीटरवर आहे, शिमला २२०० च्या आसपास. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, आला तरच बर्फ पडतो आणि त्याचा जोर जानेवारी-फेब्रुवारीत जास्त. दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे सुट्टी नाताळचीच असेल तर वरचे ठिकाण घ्या: मनालीहून सोलंग किंवा अटल बोगद्यापलीकडचे सिस्सू, नाहीतर काश्मीरमध्ये गुलमर्ग (सुमारे २६५० मीटर). काश्मीरमधला कडक थंडीचा चिल्लई कलान २१ डिसेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो. पडता बर्फच बघायचा असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: नाताळ सोडा, जानेवारीच्या अखेरीस जा.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. कोकणातून दिल्लीच्या निजामुद्दीन स्थानकाला जाणारी मंगला एक्सप्रेस नाताळात लगेच भरते. उत्तरेत त्या दिवसांत दाट धुके असते, गाड्या आणि विमाने कित्येक तास उशिराने धावतात, म्हणून जाताना-येताना दिल्लीत एक रात्र मोकळी ठेवा. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचे प्रीपेड सिम चालत नाही. घरातला निदान एक नंबर पोस्टपेड असू द्या.

कपडे: तीन थर

अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस (मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचे जाकीट), सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारे जॅकेट. थर्मलचे दोन जोड प्रत्येकी, म्हणजे एक वाळत असताना दुसरा अंगात. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे थर्मलच्या आत नेहमीचा सुती बनियन. बर्फात दहा मिनिटे चाललात तरी घाम येतो, सूत तो धरून ठेवते आणि उभे राहिलात की ते ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. सुती काहीही आत नको. सलवारीचा किंवा साडीचा काठ बर्फात भिजला की ओल वर चढते. आत थर्मल घालून वरून जाड पँट हा सोपा मार्ग, तो नको असेल तर सलवार मोज्यात खोचा.

घरचा पावसाळी रेनकोट टाकून जाऊ नका, पण जॅकेट म्हणूनही वापरू नका. प्लास्टिकचा रेनकोट घाम बाहेर सोडत नाही, अर्ध्या तासात आतून ओला होतो. बर्फ पडत असताना तेवढ्यापुरता वरून घाला. रेनकोटची पँट मात्र सोन्यासारखी आहे, कारण मुले बर्फात बसणार, लोळणार हे नक्की.

जॅकेटची परीक्षा निघण्यापूर्वी घरीच घ्या. धुण्याच्या दगडावर पसरून वर भांडेभर पाणी ओता. दहा मिनिटांनी आतून हात लावा. दमट लागले तर ते थंडीचे जॅकेट आहे, बर्फाचे नाही.

लोकरीचे हातमोजे पहिल्या गोळ्यालाच भिजतात. त्यावरून एक माप मोठे, पाणी न शिरणारे हातमोजे हवेत. काही मिळाले नाहीत तर भांडी घासायचे मोठे रबरी हातमोजे चालतात. लहान मूल गारठले आहे की उकडले आहे हे त्याच्या हातावरून कळत नाही, मानेमागे बोटे घालून पाहा. घाम असेल तर एक थर काढा, मान गार असेल तर एक वाढवा.

पाय

लावणीचे गमबूट पाणी अडवतात, पण थंडी अडवत नाहीत, आणि गारठ्यात त्यांचे प्लास्टिक कडक होऊन तळवा घसरतो. सोलंगच्या वाटेवर आणि गुलमर्गखाली टंगमर्गला बूट-कोट भाड्याने मिळतात. घेताना बुटात हात घालून टोकापर्यंत चाचपा. आत दमट असेल तर दुसरा मागा. दोन मोज्यांवर बोटे हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात. मोजे स्वतःचे, प्रत्येकी तीन जोड, त्यातला एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर.

चालायचे कसे? श्रावणात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरता तसे: पाऊल छोटे, पूर्ण तळवा एकदम टेकवून, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. ताजा भुसभुशीत बर्फ फारसा घसरत नाही. कालचा तुडवलेला घसरतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे रस्त्यावरचा पारदर्शक बर्फाचा पापुद्रा. शेवाळ निदान हिरवे दिसते, हा पापुद्रा ओल्या डांबरासारखा दिसतो. सकाळी ऊन येण्याआधी आणि दुपारी वितळलेले पाणी संध्याकाळी पुन्हा गोठते तेव्हा जास्त जपा.

रात्री भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला. हीटरला टेकवून ठेवलेत तर तळव्याचा गोंद सुटतो.

बंद खोलीतली शेगडी

इथे चूक झाली तर जीव जातो. कौलारू घरात चूल पेटवली तरी धूर कौलांच्या फटींतून निघून जातो, त्यामुळे कोळशाची धास्ती आपल्या अंगात नाही. डोंगरातली खोली थंडीसाठी सगळीकडून बंद केलेली असते. तिथे पेटती शेगडी, कांगडी (निखाऱ्यांची काश्मिरी हातशेगडी) किंवा गॅस हीटर ठेवून झोपलात तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. एकाच वेळी सगळ्यांचे डोके दुखू लागले, मळमळले, झोप अनावर झाली, तर प्रवासाचा शीण समजू नका: दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांकडे जा. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर झरोका उघडा पाहिजे. खोली घेतानाच विचारा: विजेचा हीटर किंवा गरम होणारी गादी आहे का, वीज गेल्यावर जनरेटर चालतो का, गरम पाणी किती वाजता. बुखारी (लाकूड-कोळशाची बंद शेगडी) असेल तर तिचा धूर नळीने बाहेर जातो का ते डोळ्यांनी पाहा, आणि झोपताना ती विझवा.

अंग

समुद्राकाठच्या दमट हवेत वाढलेली कातडी तिथल्या कोरड्या हवेत दोन दिवसांत फुटते. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजते, बाटलीतून ते निघणार नाही. रुंद तोंडाच्या डबीत न्या. तहान लागत नसली तरी अडीच-तीन लिटर पाणी पोटात जाऊ द्या. ऊन बर्फावरून उलटून खालून येते, म्हणून गॉगल लावा आणि सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा.

कुळथाचे पीठ आणि आमसुले बरोबर ठेवा. चौघांच्या पिठीसाठी चार कप पाण्याला चार मोठे चमचे पीठ. गार पाण्यात गुठळ्या मोडून लसणाच्या फोडणीवर ओता आणि उकळेपर्यंत ढवळा. मनाली-गुलमर्गच्या उंचीवर पाणी ९१-९३ अंशांनाच उकळते, तेव्हा नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ शिजवा. डाळ-भाताला कुकरच हवा.

बोटे, नाक, कान पांढरे पडून बधिर झाले तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. शेकोटीला धरू नका, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. उबेत या, ओले काढा, आणि पुन्हा गारठण्याची भीती नसेल तरच ३७ ते ३९ अंश कोमट पाण्यात बोटे बुडवा. पाणी कोपराने तपासा. कुडकुडणारा माणूस एकाएकी शांत झाला, बोलताना जीभ अडखळू लागली, तर वाट न बघता दवाखाना. दारूने ऊब वाटते ती फसवी. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता बाहेर पडते.

गुलमर्गच्या गोंडोलाचा (दोरावरून जाणाऱ्या पाळण्याचा) दुसरा टप्पा जवळपास ३९५० मीटरपर्यंत नेतो. समुद्रसपाटीवरून आलेल्याने आधी श्रीनगरात एक रात्र काढावी. दमा, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. पहिल्या टप्प्यावरही बर्फ तोच मिळतो. वर डोके दुखून उलटी आली तर औषध शोधत बसू नका, खाली उतरा.

गाडी

तिथलीच गाडी, तिथलाच चालक, चाकांना साखळ्या. २०२४ च्या नाताळच्या तोंडावर सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. तेव्हा सकाळी लवकर जा, दुपारी परत फिरा, गाडीत पाणी, लाडू आणि एक घोंगडी ठेवा. अडकलात तर इंजिन थोडाच वेळ चालू ठेवा, आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरा, नाहीतर धूर गाडीत शिरतो. स्वतःचीच गाडी नेणार असाल तर रेडिएटरमधले साधे पाणी काढून कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे भरा. साधे पाणी गोठून फुगते आणि इंजिन फोडते. रात्री हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये लावा, चाकाला दगड द्या. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

परत आल्यावर

लोकरीचे कपडे बॅगेत तसेच राहिले तर जूनपर्यंत त्यांवर बुरशी चढते. सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, आडवे पसरून वाळवा. दोन दिवस ऊन दाखवून पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम कपडे पिशवीत बंद केले तर आत बाष्प धरते. जाड प्लास्टिक पिशवी, सुकवलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या, आणि भिंतीला न टेकणारा वरचा कप्पा. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा बाहेर काढा.